अर्ज लिही, बाय

प्रिय बाय,

काल तुझा फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. पोरगं अकराव्या दिवशी उपचार अर्धवट टाकून पळालं, चार दिवसांनी पुन्हा ओढताना सापडलं, सरकारी वकिलांनी त्याचं अमली पदार्थ कायद्याच्या (एनडीपीएस) कलम 64अ चं, म्हणजे उपचार घेणाऱ्या व्यसनीवर खटला न चालवण्याचं, संरक्षण काढून घ्या म्हणून अर्ज टाकला, आणि तू मला विचारतेस, "सर, फौजदारी वकिली सोडू का?" त्याचं उत्तर तुला माहीत आहे. मला एवढंच सांग, त्यांच्या अर्जावर तुझं लेखी उत्तर कुठे आहे? "तोंडी सांगितलं," म्हणालीस. तोंडी! अगं, तोंडी बोललेलं पुढच्या तारखेला कुणाच्या लक्षात असतं?

कलम 64अ चं परंतुक पुन्हा वाच. उपचार पूर्ण केले नाहीत तर संरक्षण काढून घेता येईल, असं लिहिलंय. घ्यावंच, असं नाही. त्या "येईल"वर तुझा अख्खा खटला उभा राहतो. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात जा, पुन्हा दाखल करून घेण्याबद्दल डॉक्टरांचं पत्र आण, ते जोड आणि अर्ज लिही. तो नामंजूर झाला तर त्याच कायद्याचं कलम 39 आहेच. दोषी ठरल्यावरसुद्धा, कलम 27 चा, म्हणजे नशा करण्याचा, किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल तर, न्यायालय शिक्षा न सुनावता त्याच्या संमतीने बंधपत्रावर उपचारांना सोडू शकतं. उपचारांचा अहवाल "एक वर्षाच्या आत" द्यायचा आहे. आपले लोक त्याचा अर्थ वर्षाने असा घेतात आणि वर्षभर त्या मुलाचं तोंड कुणी बघत नाही. तू महिन्याची मुदत माग. मग पुन्हा महिन्याची. लेखी माग.

तू म्हणालीस, आपल्याकडे अमेरिकेसारखी उपचार न्यायालयं असती तर. असती तर बरंच होतं. 1989 मध्ये मायामीत पहिलं सुरू झालं, मनोरुग्ण आरोपींसाठी ब्रॉवर्ड काउंटीत 1997 मध्ये. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील आणि उपचार करणारे आधी एकत्र बसतात, मग आरोपी समोर येतो, सुरुवातीला बहुधा दर आठवड्याला, त्याच न्यायाधीशांपुढे. लघवीची तपासणी होते. घसरला तर लगेच लहानशी शिक्षा मिळते, पण यादीतून नाव जात नाही. दीडेक वर्ष टिकला तर खटला मिटतो. तिथेही सगळं गोड नाही. हेरॉइन सोडवण्याचं औषध म्हणून मेथाडोन घेणाऱ्याला "तू अजून नशेतच आहेस" म्हणत कित्येक कोर्टांनी वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही. पण बाय, या सगळ्यात इमारत कुठे लागते? तोच न्यायाधीश आणि जवळची तारीख, एवढंच लागतं. जवळची तारीख अर्ज करून मागता येते.

मी मागितली नव्हती.

2003-04 ची गोष्ट. बार्देशातला एकवीस वर्षांचा मुलगा, जवळ पुडीभर ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन. पुकारा झाला तेव्हा तो पिंजऱ्यात सारखा जांभया देत होता. नाक गळत होतं, भर मे महिन्यात हातावर काटा आला होता. न्यायाधीशांना तो उर्मटपणा वाटला; "रात्री झोपत नाहीस का?" असं त्यांनी विचारलं. मला ठाऊक होतं की नशा तुटली की अशाच जांभया येतात. आणि मी काय केलं? जवळ जाऊन त्याला म्हटलं, तोंडावर हात धर. मग गुन्हा कबूल करायला लावला. दंड भरला, दुपारी तीनला तो घरी. आई रडत माझ्या पाया पडली.

तो सल्ला चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्या दिवशी माझ्याकडे सात तारखा होत्या आणि सगळेच वकील हेच करायचे. 39 चा अर्ज केला असता तर कदाचित नामंजूर झाला असता. पण कागदावर राहिला असता. दहा महिन्यांनी तो पुन्हा सापडला, तेव्हा जवळ नऊ ग्रॅम. हेरॉइनचं अल्प प्रमाण पाच ग्रॅमपर्यंत. त्या चार ग्रॅमनी 39 चं दार बंद झालं आणि दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम लागलं. आई कोर्टाच्या व्हरांड्यात म्हणाली, "वकीलानू, ताका घरा हाडा." त्याला घरी आणा. माझ्याकडे कोर्टाला दाखवायला एक कागद नव्हता, की हा आजारी आहे हे आम्ही आधीच सांगितलं होतं.

आणि आता तर 2020 च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट सगळ्या पुडीचं वजन धरतात. तुझं पोरगं पाचच्या आत आहे तोवरच धावपळ कर.

अजून एक. त्याला रात्री आवाज ऐकू येतात, हे तू फोनवर जाता जाता बोललीस. रागावू नकोस, पण ते जाता जाता बोलण्यासारखं होतं का? नशा पूर्ण उतरल्यावरही आवाज येतात का, हे डॉक्टरांकडून लेखी घे. येत असतील तर स्वतःचा बचाव करण्याइतकं त्याला समजतं का, हा प्रश्न भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम 368 खाली आधी सोडवावा लागेल. त्यासाठीही वेगळा अर्ज. याच्यात मिसळू नकोस.

शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात असतो. साडेदहाला मसुदा घेऊन ये, दोन प्रती आण. माझी लाल शाई अजून संपलेली नाही. मिरच्यांच्या रांगेत शोध. त्या मुलाची आई तिथे हरमलच्या मिरच्या घेऊन बसते. मी तिच्याकडूनच घेतो. ती मला अजून "वकीलानू" म्हणते आणि वजन नेहमी थोडं जास्तच घालते.

तुझा,
सर