फिलिप्पै : नाव नेमके कोणाचे?

प्रश्न : फिलिप्पै हे नगराचे नाव येशूचा शिष्य फिलिप्प याच्यावरून पडले का?

नाही. शिष्य फिलिप्प गालीलातल्या बेथसैदाचा आणि हे नगर मासेदोनियात, आजच्या उत्तर ग्रीसमध्ये. नावही शिष्याच्या कितीतरी पिढ्या आधीचे. थासोस बेटावरच्या लोकांनी इथे वस्ती केली तेव्हा तिचे नाव होते क्रेनिदेस, म्हणजे झरे. थ्रेसच्या टोळ्या त्रास देऊ लागल्या म्हणून त्यांनी सिकंदराचे वडील, राजा दुसरा फिलिप, यांना मदतीला बोलावले. इ.स.पू. 356 मध्ये फिलिप आला तो मुक्कामालाच! गाव ताब्यात घेतले, तट बांधला, वर स्वतःचे नाव दिले. खरा डोळा शेजारच्या सोन्याच्या खाणींवर. त्यांतून वर्षाला हजार टॅलंटांहून (टॅलंट हे तेव्हाचे पैशाचे मोठे माप) जास्त उत्पन्न निघू लागले, असे इतिहासकार दिओदोरस सांगतो.

प्रश्न : ‘फिलिप म्हणजे घोडा’ असे प्रवचनात ऐकले. बरोबर आहे?

अर्धे. ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा, ‘फिलोस’ म्हणजे प्रिय. दोन्ही मिळून घोड्यांचा शौकीन. पण हा अर्थ राजाच्या नावाचा. गावाच्या नावातून घोड्यांवरचा बोध काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

प्रश्न : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 मध्ये या ग्रीक नगराला रोमी वसाहत का म्हटले आहे?

कारण प्रेषित पौल तिथे गेला तेव्हा ते खरोखरच तसे होते. इ.स.पू. 42 मध्ये याच मैदानात अँटनी आणि ऑक्टेव्हियन या रोमी सेनानींनी ज्युलियस सीझरचे मारेकरी ब्रूटस व कॅशियस यांचा पराभव केला आणि निवृत्त रोमी सैनिकांना इथे जमिनी दिल्या. मूळ ग्रीक वचनात ‘कोलोनिया’ हा लॅटिन शब्दच ग्रीक लिपीत लिहिला आहे. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. पौलही इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (4:15) तिथल्या लोकांना लॅटिन वळणाच्या नावाने हाक मारतो. आपल्या भाषांतरकारांनी त्यांना सरळ पुणेकर-सातारकरांच्या पंगतीत बसवून ‘फिलिप्पैकर’ केले. मला ते फार आवडते.

आज तिथे फक्त अवशेष आहेत. 2016 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आले. शेजारच्या गावाचे नाव क्रिनिदेस.

प्रश्न : मग शुभवर्तमानातले ‘फिलिप्पाचे कैसरिया’ हे नगर तेच का?

ते वेगळे, हर्मोन डोंगराच्या पायथ्याचे. हा फिलिप्प हेरोद राजाचा मुलगा. कैसराची, म्हणजे रोमी सम्राटाची, मर्जी राखायला ‘कैसरिया’ हे नाव, समुद्रकाठच्या कैसरियाशी घोळ नको म्हणून पुढे ‘फिलिप्पाचे’. त्याआधी ‘पान’ या ग्रीक देवावरून ते पानेआस होते. अरबीत ‘प’ नसल्याने आज बानियास.