वाचक विचारतात : बीएनसी ओढला की हातात का येतो?

प्रश्न : नमस्कार सर, मी चिपळूणजवळ सीसीटीव्हीची कामं करतो. रॅचेटवाला क्रिम्पर (कनेक्टर केबलवर दाबून बसवायचं टूल, पूर्ण दाबल्याशिवाय उघडत नाही ते) घेतला, नवीनच आहे, पण क्रिम्प केलेला बीएनसी (कॅमेऱ्याच्या केबलच्या टोकाचा कनेक्टर) जरा ओढला की सुटून हातात येतो आणि जे टिकतात त्यांच्यावर पण काही महिन्यांत चित्रात रेघा यायला लागतात. जोर कमी पडतोय म्हणून मी दोन-दोनदा दाबून पण बघितलं. केबल ३+१ असते, कनेक्टर आरजी ५९ या केबलचे. टूल खराब निघालं का?

उत्तर : टूल बहुतेक चांगलंच असणार, बिचाऱ्याला बदलायला नेऊ नका. कारण तुमच्याच पत्रात आहे, केबल ३+१ आणि कनेक्टर आरजी ५९ चा. ३+१ मधे पॉवरच्या तीन वायर आणि एक कोॲक्सियल (मधे तार, भोवती पांढरं इन्सुलेशन आणि त्यावर तारांची जाळी असलेली चित्राची केबल) असते ना, ती कोॲक्सियल आरजी ५९ पेक्षा बारीक असते आणि प्रत्येक कंपनीची वेगळी पण असते. खऱ्या आरजी ५९ ची बाहेरची जाडी साधारण ६ मिमी आणि आतल्या पांढऱ्या भागाची ३.७ मिमी. व्हर्नियर असेल तर तुमची केबल मोजा, फरक लगेच दिसेल.

आता क्रिम्प नेमकं काय करतो ते बघा. कनेक्टरच्या मागच्या नळीवर जाळी चढते, जाळीवर स्लीव्ह (धातूची छोटी नळी) येते आणि डाय (टूलचा दाबणारा जबडा) त्या स्लीव्हला षटकोनी दाबून जाळी मधे पकडून ठेवते, बस, सगळी पकड त्या जाळीची आहे. केबल बारीक असली की पांढरा भाग नळीत हलतो, जाळी पण विरळ, मग स्लीव्हला दाबायला आत काही नसतंच. आणि रॅचेट ठरलेल्या मापालाच सुटतो, तुम्ही हाताने कितीही जोर लावा, डाय त्याच्या पुढे मिटत नाही, म्हणून दुसऱ्यांदा दाबून उपयोग शून्य, उलट डाय थोडी फिरलेली असली तर षटकोनाचे कोपरे चेपून पकड अजून ढिली होते. जाळी ढिली झाली की ग्राउंड नीट मिळत नाही, रेघा त्याच्याच.

काही जण केबलवर इन्सुलेशन टेप गुंडाळून ती जाड करतात. कृपा करून करू नका! उन्हात टेप मऊ होते, सरकते, आणि सहा महिन्यांनी शिडी घेऊन तुम्हालाच चढायचंय.

मग करायचं काय, तर ३+१ च्या त्याच मापाचा कनेक्टर मिळाला तर तो घ्या, नाहीतर वायर लावलेला तयार बीएनसी मिळतो तो टाका मारून (सोल्डर करून) जोडा. पण टाका मारायच्या आधी जाळी तांब्याची आहे का बघा, ॲल्युमिनियमच्या जाळीला टाका धरत नाही. मधली तार पण ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर वरती तांब्याचा फक्त मुलामा आहे. लांबचा कॅमेरा असेल तिथे मी सरळ आरजी ५९ वेगळी ओढतो, पैसे थोडे जास्त जातात पण परत बोलावणं येत नाही.

आरजी ५९ वर काम करताना डायवरचा आकडा वाचायची सवय लावा. बीएनसीच्या स्लीव्हला सहसा ०.२५५ इंच लागतं म्हणजे ६.४८ मिमी, मधल्या पिनला ०.०६८ म्हणजे १.७३ मिमी. त्याच टूलवर ०.३२४ चं भोक असतं ते आरजी ६ या जाड केबलच्या एफ कनेक्टरचं, ८.२३ मिमी, घाईत स्लीव्ह त्यात गेली की वरून क्रिम्प छान दिसतो आणि आत पोकळ. कनेक्टरच्या पाकिटावर वेगळं माप असेल तर ते खरं धरा.

स्लीव्ह आधी केबलमधे ओवा, हे अनुभवी माणूस पण विसरतो. मग मधल्या तारेवर पिन घाला, पिनच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यातून तांबं दिसलं तरच दाबा. मग पिन बॉडीत ढकला, टक्क आवाज आला पाहिजे, जाळी नळीवर सारखी पसरा, स्लीव्ह बॉडीला चिकटेपर्यंत पुढे आणा, एकदाच दाबा आणि रॅचेट आपोआप उघडेपर्यंत सोडू नका. शेवटी कॅमेरा आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) दोन्हीकडून केबल काढून मल्टिमीटर लावा, मधली तार आणि जाळी यांच्यात बीप वाजला तर जाळीचा एखादा केस पिनला टेकलाय.

प्रश्न : माझा क्रिम्पर पावसाळ्यात बॅगेत राहिला, गंजला आणि आता अर्ध्यात अडकून बसलाय. हातोडीने मोकळा करू का?

उत्तर : हातोडी नको हो! दोन दांड्यांच्या मधे रॅचेटजवळ एक छोटा खटका असतो, तो बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने दाबला की टूल उघडतं. मग डाय स्क्रू काढून बाहेर घ्या, जुन्या टूथब्रशने खाचांमधला तांब्याचा भुगा आणि गंज काढा. पॉलिश पेपर डायच्या आतून फिरवू नका, माप वाढतं आणि मग ती डाय गेलीच समजा. सांध्यांना आणि रॅचेटच्या दातांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो, खोबरेल नको, ते धूळ धरून चिकट होतं. डायला ठेवताना तेलाचा हात फिरवा पण कामाच्या आधी कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर ते तेल कनेक्टरवर जातं. आणि ओल्या रेनकोटच्या बॅगेत टूल ठेवू नका, एवढं तरी ऐका.

खूप वापराने पकड सैल वाटायला लागली तर बऱ्याच टूलांना आत प्लस-मायनस लिहिलेली दातेरी चकती असते, तिचा छोटा स्क्रू काढून प्लसकडे एकच दात फिरवायचा, स्क्रू परत लावायचा आणि भंगार तुकड्यावर क्रिम्प करून ओढून बघायचं. एकदम तीन दात फिरवले की रॅचेट सुटतच नाही.

प्रश्न : चुकलेला क्रिम्प काढून तोच कनेक्टर परत लावता येतो का?

उत्तर : नाही. स्लीव्ह एकदा दबली की दबली. कापून टाका आणि केबल नव्याने सोला, म्हणूनच बॉक्समधे केबल थोडी जास्त सोडायची असते.