थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, अतिरेकी विचारसरणीवर संशोधन करणाऱ्याचं करिअर कसं असतं?

बाहेरून वाटतं तितकं थरारक नसतं. बराचसा वेळ वाचण्यात आणि नोंदी करण्यात जातो. समजा, टेलिग्रामवरचा एखादा प्रचारी चॅनेल घेतला. कोणता मजकूर कधी आला, कुठून फिरत आला, कोणती चिन्हं वापरली, हे सगळं तक्त्यात भरायचं. पोस्ट उडण्याआधी स्क्रीनशॉट घ्यायचा, नाहीतर पुरावा गेला. मग तोच मजकूर दोघांनी वेगवेगळा तपासायचा आणि मतं कुठे जुळत नाहीत ते बघायचं. खरी डोकेफोड इथेच: हा नुसता संताप आहे की हिंसेला चिथावणी?

पदवी राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, कशातलीही चालते. एखादी परकी भाषा आणि थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) येत असेल तर पारडं जड होतं. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या ग्लोबल टेररिझम डेटाबेसमध्ये १९७० पासूनच्या दहशतवादी घटनांच्या नोंदी आहेत. त्यावर एक छोटा, नेटका लेख लिहा. माझ्या मते तो प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा जास्त कामाला येतो.

नोकरी मात्र बेभरवशाची. पैसा प्रकल्पावर येतो, प्रकल्प संपला की करारही संपतो. निधी सरकारचा की एखाद्या टेक कंपनीचा, हे मुलाखतीतच विचारा. आणि हो, हिंसक व्हिडिओ बघावे लागतात. अनुभवी लोक ते आवाज बंद करून, छोट्या खिडकीत, शक्यतो रंग काढून बघतात, आणि झोपण्याआधी तर अजिबात नाही.