थंडीत तलावातली मासेमारी: जाळे खाली उतरवा

प्रश्न: थंडी वाढल्यापासून तलावात तंगूसाच्या (बारीक नायलॉन धाग्याच्या) जाळ्याला मासा लागत नाही. जाळे तेच, जागा तीच. तलावातला मासा संपला का?

उत्तर: मासा संपलेला नाही, तो बसला आहे. माशाचे अंग पाण्याइतकेच गार होते. पाणी २० अंशांखाली गेले की रोहू, कटला, मृगळ यांची भूक मंदावते आणि १५ च्या आसपास खाणे जवळपास थांबते. सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र तेवढ्या गारव्यातही थोडेफार खातो. तंगूसाचे जाळे जागेवर उभे असते, मासा फिरला तरच अडकतो. म्हणून आधी तो कुठे आहे ते शोधा.

बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा आणि बाटली बंदच खाली सोडा. हव्या त्या खोलीवर बुचाच्या दोरीला हिसका देऊन बूच काढा. बाटली भरली की वर ओढून लगेच थर्मामीटर बुडवा. हे पहाटे आणि दुपारी, काठालगत आणि खोलात करा. पहाटे काठचे उथळ पाणी बहुधा जास्त गार असते, तेव्हा मासा खोलात असतो. दुपारी उन्हाने काठ तापतो, तेव्हा तो वर सरकतो. वारा तापलेले पाणी ज्या काठाकडे लोटतो, तो काठ आधी बघा.

जाळे उतारावर, काठाला समांतर आणि दिवस मावळण्यापूर्वी लावा, म्हणजे खोलाकडे परतणारा मासा आडवा येतो. पावसाळ्यासारखे वर तरंगते ठेवू नका. वरच्या दोरीच्या काही बोया काढा; शिसाची दोर तळाला टेकली पाहिजे आणि जाळे उभे राहिले पाहिजे. आधी उथळ पाण्यात पारखून घ्या: आडवे पडले तर एखादी बोय वाढवा, तळापासून उचलले तर शिसे वाढवा. खुणेच्या बोयेची दोरी पाण्याच्या खोलीपेक्षा मीटरभर लांब ठेवा.

हिवाळ्यात पाणी नितळ असते. शेवाळ चढलेले जाळे माशाला लांबून दिसते, त्यामुळे ते दरवेळी धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. उन्हाने नायलॉन कमकुवत होतो.

ओढजाळे थंडीत खरे तर जास्त उपयोगी, कारण सुस्त मासा फारसा पळत नाही. पण खालची दोर तळापासून सुटली की सायप्रिनस आणि मृगळ तिच्याखालून निसटतात. घाई न करता ओढा. सलग ढगाळ दिवसांनंतर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढत असतील, तर त्या दिवशी ओढू नका; प्राणवायू आधीच कमी असतो.

गळ टाकायचा असेल तर दुपार धरा; आमिष लहान, गळही लहान.

लहान मासा सोडताना हात ओले करा. खवले निघालेल्या जागी गार पाण्यात कापसासारखी बुरशी धरते आणि सोडलेला मासा मरू शकतो.