कॅमेरा खाली ठेवल्यावर फोटोग्राफरने काय करावं?

तुम्ही विचारलंय की आठ वर्षं लग्नाचे फोटो काढून कंटाळा आलाय, तर फोटोग्राफर मंडळी कॅमेऱ्याखेरीज कुठले कलेचे छंद करतात आणि त्यातल्या कुठल्या छंदाने फोटोग्राफी सुधारते.

हे शेवटचं वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. छंदाकडूनही कामच करून घ्यायचं असेल तर सीझनमध्ये आणखी दोन लग्नं घ्या की, पैसे तरी मिळतील.

माझं सांगतो. इंदूरला बावीस वर्षं हाच धंदा आहे. छंद एकच, कृष्णधवल फोटो हाताने रंगवण्याचा. मॅट कागदावर प्रिंट काढायची, काडीला कापूस गुंडाळायचा आणि पारदर्शक फोटो कलरने आधी मोठी जागा, मग गाल, मग ओठ, शेवटी दागिने असं रंगवत बसायचं. एका फोटोला तीन रविवार सहज जातात. या छंदापायी माझे वडील माझ्याशी पाच आठवडे बोलले नव्हते.

वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, पोट याच कामावर होतं. १९६४ पासून राजवाड्याजवळच्या एका स्टुडिओत ते रिटचिंग आणि कलरिंग करायचे. रिटचिंगचं डेस्क तुम्ही पाहिलं नसेल. तिरपी घासलेली काच, खाली उजेड वर फेकणारा आरसा, आणि माणूस त्यावर वाकलेला. निगेटिव्हच्या इमल्शनच्या, म्हणजे चित्र उमटलेल्या थराच्या, बाजूला डॅमर नावाची राळ आणि टर्पेंटाइन यांचं मिडियम चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिलीचं शिसं सँडपेपरवर घासून सुईसारखं करायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. प्रिंटमध्ये जी सुरकुती काळी येणार ती तिथे फिकट दिसते, ती बारीक बारीक ठिपक्यांनी भरून काढायची. देवीचे व्रण घालवण्यात अण्णांचा हात कुणी धरत नसे. मुलींचे दाखवायचे फोटो खास त्यांच्याकडे यायचे. त्यातली किती लग्नं त्यांच्या पेन्सिलीने जुळवली आणि पुढे किती घरांत त्यावरून भांडणं झाली, देव जाणे.

संध्याकाळी कलरिंग. त्यासाठी प्रिंट मुद्दाम जरा फिकट काढून सेपिया, म्हणजे तपकिरी छटेची, करायची, नाहीतर सावलीत रंग दिसतच नाही. गिऱ्हाईक पाकिटावर लिहून द्यायचं: शालू डाळिंबी, काठ हिरवा, डोळे घारे. लिहून घ्यावंच लागे, कारण कृष्णधवल फोटोत गडद लाल आणि बाटली हिरवा हे एकाच करड्या रंगाचे होऊन येतात. (त्याच्याही आधीच्या ऑर्थो फिल्मला तर लाल दिसायचाच नाही. माझ्या पणजीचं कुंकू फोटोत काळं कुळकुळीत आहे.) त्यामुळे अण्णांना साड्यांच्या रंगांची नावं पाठ: आमसुली, अंजिरी, गुलबक्षी, मोरपंखी, चिंतामणी, कुसुंबी. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं.

मग रंगीत लॅब आल्या. १९८५ साली एका पहिल्या तारखेला मालकाने सांगितलं, उद्यापासून येऊ नका. वीस वर्षं राबलेल्या माणसाचा बारा दिवसांचा पगारही ठेवून घेतला. अण्णा क्लॉथ मार्केटात एका पेढीवर हिशेब लिहायला लागले. रंगांची नावं तिथेही कामाला आली, पण तोवर चष्मा जाड झाला होता.

आता मुद्द्याचं. २०२२ मध्ये आईअण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्यांच्या लग्नाचा एकच मोठा फोटो घरात आहे, स्टुडिओतल्याच कॅमेरामनने काढून दिलेला, कृष्णधवल. अण्णांनी तो कधी रंगवला नाही. आई जन्मभर म्हणत आली, "सगळ्या इंदूरच्या नवऱ्या रंगवल्या, मी तेवढी काळीपांढरी राहिले." मी ठरवलं, आपण रंगवू आणि त्या दिवशी समोर ठेवू.

फोटो स्कॅन केला आणि पहिली प्रिंट साध्या इंकजेटवर काढली. ओला कापूस लावला मात्र, अण्णांची मिशी गालावर उतरली. डाय शाईचा हा गुण लक्षात ठेवा. मग एकाकडून पिगमेंट शाईने कॉटनच्या कागदावर काढून आणली, ती टिकली. पण शालूचा रंग कुठला? विचारावं तर गुपित फुटतं. शालूही घरात नाही. अण्णांची नोकरी गेली त्या वर्षी तो जरीसाठी मोडला होता. देवासच्या मावशीला फोन केला. ती म्हणाली, "लग्नात काय रे, लालच असणार." मुलीने मोबाईलमध्ये टाकून चार सेकंदांत रंगवून दाखवला. शालू तपकिरी आणि अण्णांचं उपरणं निळं! मशीनला पाकिटावर कोण लिहून देणार? शेवटी मी कुंकवासारखा लाल भरला. तीन रविवार. दोन रात्री वेगळ्या, फक्त नथीसाठी.

घरात वीसेक माणसं, श्रीखंड-पुरीचं जेवण झालेलं. कागद काढला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा शालू कुणाचा?"

अण्णांनी चष्मा काढून फोटो डोळ्यांपासून चार बोटांवर धरला. "अंजिरी होता. काठ चिंतामणी. कापूस जास्त ओला घेतलास, ओठाला कड आलीय." एवढ्यावर थांबले असते तर मी पायाच पडलो असतो. पण ते पुढे म्हणाले, "ज्यात माझे डोळे गेले ते तू रविवारची मजा म्हणून करतोस?" आणि आत निघून गेले. पाहुणे पानसुपारी घेऊन पांगले.

मलाही राग आला. दुसऱ्या दिवशी विचारलं, मग तुम्ही का नाही रंगवलात आईचा फोटो? तर म्हणाले, "हलवाई घरी येऊन जिलबी तळतो का?" त्यानंतर पाच आठवडे काही नाही. पोहे पुढे ठेवायचे, पेपर उचलायचे, अक्षर नाही.

त्यांचं म्हणणं मला तेव्हाही कळत होतं. अण्णांचा स्वतःचा छंद तबल्याचा. भजनी मंडळात चाळीस वर्षं वाजवला, तोही डोळे मिटून. रेडिओवर गायक अमीर खाँसाहेब लागले की घरात भांडं वाजलेलं चालायचं नाही. कुमार गंधर्वांना ऐकायला बसने देवासला जायचे आणि शेवटची बस चुकली की तिथेच स्टँडवर रात्र काढायचे. ज्याचं पोट डोळ्यांवर आहे त्याने छंद कानाचा धरावा, हा त्यांचा नियम. दिवसभर राबलेल्या बैलाला संध्याकाळी शर्यतीला जुंपू नये म्हणतात.

मला हे पटत नाही, आजही नाही. फोटोग्राफरचे डोळे दिवसभर राबतात कुठे? बोट राबतं. एका लग्नात तीन हजार क्लिक होतात, त्यातला एकही चेहरा मी धड बघत नाही. रंगवायला बसलं की एका कानाच्या पाळीवर पाऊण तास जातो, आणि चुकलं तर परत फिरता येत नाही, पाण्याचा रंग कागदात शिरला की शिरला. हे मी अण्णांना सांगितलं. कार्तिए-ब्रेसाँसारखा जगप्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर उतारवयात कॅमेरा बाजूला ठेवून पेन्सिलीने चित्रं काढत बसला, हेही सांगितलं. लांबचं कशाला, आपल्या इंदुरातच पुढे नामवंत फोटोग्राफर झालेले लाला दीनदयाल बांधकाम खात्यात नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन होते. दिवसभर डोळे फोडून रेघा मारायच्या, आणि १८७४ च्या सुमारास छंद कसला धरला, तर फोटोग्राफीचा. म्हणजे डोळ्यांचं काम आणि डोळ्यांचाच छंद.

अण्णा म्हणाले, "मग सोडलीच ना नोकरी? छंदाचा धंदा केला शेवटी."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अमेरिकेचे नामवंत फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आधी पियानोवादक व्हायला निघाले होते, म्हणजे काम डोळ्यांचं आणि नाद कानाचा, तेव्हा त्यांना धरलं तर मत अण्णांच्या बाजूला जातं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

पण हौसेने केलं म्हणजे कुणाच्या कष्टांची थट्टा केली, असं होत नाही. आज कुणी हौसेने जात्यावर दळलं तर ती आजीची चेष्टा होते का? उलट ती ओठाची कड मला आता प्रत्येक जुन्या फोटोत दिसते. कुठल्या कारागिराचा हात हलका होता आणि कोण शनिवारच्या घाईत होता, ते कळतं. अण्णांची थोरवी मला त्यांच्या सांगण्यातून कधीच कळली नव्हती. ती स्वतः तीन प्रिंटा नासवल्यावर कळली.

बोलणं कसं सुरू झालं तेही सांगतो. एका ओळखीच्या बाईंनी माझं काम पाहून त्यांच्या सासूबाईंचा फोटो रंगवायला दिला, अडीच हजार देते म्हणाल्या. मी घेतला. (हो, वर छंदाबद्दल जे शहाणपण सांगितलं ते माझं मीच मोडलं.) नेऊन दिला तर म्हणतात, "भिया, थोडी गोरी कर दो ना." घरी येऊन बायकोला सांगत होतो तर खोलीतून अण्णांचा आवाज आला, "गोरी करा म्हणाले ना? म्हणणारच." आणि हसायलाच लागले. पैसे आले, पण तो महिना मला कापूस हातात धरवला नाही. तेव्हा विकू नका.

आता बाकीचे छंद. माझ्या ओळखीत स्केचिंग करणारे दोघे आहेत, छत्रीबागेत सकाळी बसतात. एक जण बुकबाइंडिंग शिकला आणि आता लॅबच्या अल्बमला नावं ठेवत फिरतो. आपले इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी वाळकी फांदी, मूळ, फाटका कागद असल्या टाकाऊ वस्तूंत पक्षी आणि माणसं शोधायचे. त्याला तर काही विकत आणावं लागत नाही, नजर लागते. मातीची भांडी करणारेही फोटोग्राफर आहेत म्हणे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

एक मात्र नक्की करून बघा, सायनोटाइप. १८४२ मध्ये हर्शेल या शास्त्रज्ञाने काढलेली रीत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी द्रावणं मिसळून मंद उजेडात कागदावर फासायची, वाळवायचं, वर कडुलिंबाची डहाळी ठेवून काच दाबायची आणि उन्हात धरायचं. साध्या पाण्याने धुतलं की निळ्यावर पांढरी डहाळी उमटते. कॅमेरा नाही, डार्करूम नाही. आमच्या माळव्यातलं एप्रिलचं ऊन असलं की काही मिनिटांत काम होतं. हातमोजे घाला आणि त्यासाठी स्वयंपाकघरातली वाटी वापरू नका. वापरलीत तर ती परत फळीवर ठेवू नका.

रंगवायचंच ठरवलंत तर मूळ फोटोला हात लावू नका, नेहमी कॉपीवर करा. चकचकीत कागद रंग पीत नाही. तेलाचे रंग वापरलेत तर चूक टर्पेंटाइनने पुसता येते, पण खिडकी उघडी ठेवा. चाळिशी ओलांडली असेल तर भिंग आणि चांगला दिवा घ्या आणि तासाभराने उठा. डोळ्यांच्या बाबतीत अण्णा खोटं बोलत नाहीत.

तो फोटो मी पुन्हा रंगवला, अंजिरी. अण्णा म्हणतात हा वांगी झाला. लाल फोटो आईने स्वयंपाकघरात लावलाय. शालू लालच हवा होता, सासूबाईंनी ऐकलं नाही, हे पन्नास वर्षांनी पहिल्यांदा बोलली.

आणि फोटोग्राफी सुधारली का, तर नाही. फक्त आता लग्नात मी नवरीच्या आईला साडीचा रंग विचारतो आणि फोल्डरच्या नावात लिहून ठेवतो. बहुतेक जणी 'वाईन' म्हणतात. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "म्हणजे आमसुली."