बदाम उगाळण्याआधी वरण घट्ट करा

प्रश्न : मुलगी आठ महिन्यांची आहे. वरणाचं पाणी आणि गाईचं दूध देतो. बुद्धीसाठी रोज बदाम उगाळून द्यावा का?

उत्तर : सहाणेवर उगाळलेला बदाम पोटात जातो चिमूटभर, त्याने नुकसान नाही, पण भरही पडत नाही. या वयात मेंदूला लोह हवं, कारण मज्जातंतूंवरचं आवरण त्याशिवाय नीट तयार होत नाही. जन्मतः मिळालेला साठा साधारण सहा महिन्यांत संपतो. वरणाच्या पाण्यात लोह नाममात्र, सगळा गर भांड्याच्या तळाशी! म्हणून वरण-भात कुस्करून इतका घट्ट द्या की चमचा तिरका केला तरी ओघळू नये. वर अर्धा चमचा तूप, दोन थेंब लिंबू; लिंबामुळे लोह चांगलं शोषलं जातं. दिवसातून दोन-तीनदा, हळूहळू अर्धी वाटी. अंडं, मासे खात असाल तर तेही चालतील. अंगावरचं दूध चालू ठेवा. गाईचं दूध वर्षापर्यंत पाजू नका, त्यात लोह फार कमी असतं. चहा तर नाहीच.

अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं : आठवड्यातून दोनदा १ मिली. शी काळसर झाली तर घाबरून बंद करू नका.

बुद्धीसाठी आणखी एक : भरवताना मोबाइल नको. ती ‘आऽ’ म्हणाली की तुम्हीही ‘आऽ’ म्हणा, थांबा, तिच्या उत्तराची वाट पाहा.