साईट फिरवायच्या आधी हे बघ

अरे, एअर रायफलचा शॉट नेम धरलेल्या जागी लागत नसेल तर लगेच साईट (नळीवरच्या नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) फिरवू नको. आधी रायफल रिकामी आहे ना बघ, मग स्टॉकचे (खांद्याला टेकवायच्या दस्त्याचे) स्क्रू आवळ. ब्रेक बॅरल (नळी दुमडून भरायच्या) एअर रायफलचे स्क्रू स्प्रिंगच्या झटक्याने ढिले होतात आणि आपण उगाच साईटला शिव्या घालतो. मग 10 मीटरवर, एकाच डब्यातले पेलेट (छर्रे) घेऊन पाच शॉट मार, रायफल थेट टेबलावर टेकवू नको, मध्ये हात ठेव, आणि मधेच काही फिरवू नको. ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, छोटा पण एका बाजूला आला तर साईटचं काम, विखुरला तर साईट कितीही फिरव काय उपयोग नाय. मागची साईट जिकडे सरकवशील तिकडे शॉट जातो, पुढची उलट.

मागची पूर्ण वर नेऊनही शॉट खालीच लागतोय? मग बॅरलच खाली झुकलेली असू शकते, किंवा नळी दुमडते ती बिजागरी ढिली. बंद करून नळी डावी-उजवी हलवून बघ, जराशी हलली तरी गनस्मिथकडे ने, गुडघ्यावर ठेवून वाकवायला जाऊ नको बाबा!

आणि आपल्या गोव्यात पावसात डिचोली काय पणजी काय, गंज ठरलेला, म्हणून बाहेरून तेलाचं फडकं मार, पण नळीत तेल ओतू नको, स्प्रिंगवाल्यात ते पेटतं आणि शॉट भलतीकडेच जातो.